दोघांचं भाडं

सकाळची महाड गाडी शेवरकोंडच्या फाट्यावर थांबे तेव्हा चढणारे बहुतेक बाजाराला, दवाखान्याला किंवा एमआयडीसीत कामाला निघालेले असत. कंडक्टर ललिता पार्टे तिकिटाचं मशीन घेऊन जवळ आली की ते खिडकीबाहेर बघायला लागत. पैसे शेजारच्याच्या हातात देत आणि त्यालाच सांगत, "एक महाड सांगा त्यांना."

शेजारचा दुसऱ्या गावचा असला की गोंधळे. "अहो, बाई तर समोरच उभ्या हायत."

"तुमी सांगा."

मग तो सांगे. ललिता बटणं दाबून तिकीट काढी आणि शेजारच्याकडे देई. एक म्हातारा आपलं मोफत प्रवासाचं कार्ड तिला न दाखवता शेजारच्याला दाखवत असे. शेजारचा ते उलटसुलट करून म्हणे, "बरोबर हाय यांचा." मागच्या सीटवरची कॉलेजची पोरं हसत. ललिता पुढच्या सीटकडे वळे.

ती स्वतः शेवरकोंडची. पोलादपूरहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, ओढ्याच्या वर वसलेली ही वाडी. निम्मी घरं वर्षभर बंद असतात, कारण माणसं मुंबईत. तिच्याशी न बोलणाऱ्यांत तिचा चुलत चुलता होता, शाळेत एका बाकावर बसलेल्या दोघीजणी होत्या, आणि लहानपणी तिने कडेवर घेतलेली मुलं होती. शिमग्यानंतर गावकीने तिला वाळीत टाकलं होतं. कागदावर तसं काही नव्हतं. असं करणं गुन्हा आहे हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तो शब्द कोणी वापरत नाही. "आमचा तिच्याशी बोलना नाय," एवढंच म्हणतात. गिरणीवाला तिचा डबा दळत नव्हता. दूध बंद झालं होतं. जो तिच्याशी बोलेल त्याने सर्वांसमोर नारळ ठेवून माफी मागायची, असं ठरलं होतं.

कारण विचारलं तर उत्तर मिळे, "बोटीवर मजा करायला गेलेली. कोनासोबत, ते सांगत नाय."

ललिताला स्वतःपुरतं हे सोसलं असतं. दिवसाचा बराचसा वेळ ती गाडीत असे, आणि गाडीत बोलणारी माणसं पुष्कळ. पण घरात आई होती. प्रयागबाईंचं हृदय थकलं होतं, पाय सुजत होते. महाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पावसाळा काढला तर खूप झालं. शेवरकोंडमध्ये माणूस गेलं की प्रत्येक घरातून एक लाकूड येतं आणि वाडीतले पुरुष मयत खांद्यावर घेऊन ओढ्याकाठी उतरवतात. ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या घरी लाकूड येत नाही, खांदाही येत नाही. प्रयागबाईंना याच एका गोष्टीची धास्ती होती.

"मला ॲम्ब्युलन्समंधी घालून महाडला नको नेऊस गो," त्या म्हणत. "तिथं मला कोन वळखतो? आपल्या मान्सांनी उचलूदे."

ललिताचं लग्न झालेलं नाही. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळले तेव्हा ती विशीत होती. ते गेले तोवर धाकट्या सरिताचं लग्न करायचं होतं. सरिता महाडला सासरी गेली आणि ललिता एसटीत लागली. त्यानंतर स्थळं आली ती बिजवरांची, मग तीही थांबली. याबद्दल ती कधी तक्रार करताना दिसली नाही. वय अठ्ठेचाळीस, आवाज खणखणीत, सुट्ट्या पैशांवरून भांडण करणाऱ्याला दोन वाक्यांत गप्प करणारी, अशी तिची आगारात ओळख होती.

क्रूझची कल्पना तिच्या डोक्यात गाडीतच आली. महाबळेश्वरला निघालेलं एक जोडपं मोबाईलवर बोटीचा व्हिडिओ बघत होतं. मुंबईहून गोवा, पुढे लक्षद्वीप आणि परत. बाईने तो ललितालाही दाखवला. ललिताने एकच प्रश्न विचारला, "मध्ये कुठे उतरून गाडी बदलावी लागते का?" नाही, म्हणाली बाई. एकदा चढलं की शेवटपर्यंत तीच खोली. हे ललिताला पटलं. पंचवीसेक वर्षं ती इतरांना विचारत आली होती की कुठे जायचं. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिच्यापाशी उत्तर नव्हतं.

बुकिंग सरिताच्या मुलीने, सेजलने, महाडच्या एका दुकानातून करून दिलं. तिथे पहिल्यांदा कळलं की बोटीची खोली दोघांची असते. एकट्या माणसाने घेतली तरी भाडं जवळजवळ दोघांचं.

"म्हणजे रिकाम्या सीटचं पण मी भरायचं?" ललिता म्हणाली.

"हो मावशी. नाहीतर कुणाला तरी घेऊन जा."

"कुणाला?"

सेजलने बुकिंगचा कागद पुढे सरकवला. ललिताने भरले.

तारीख तिने शिमगा संपल्यानंतरची घेतली होती. शिमग्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी जादा गाड्या सुटतात, रजा मिळत नाही. शिवाय ग्रामदेवतेची पालखी होळीच्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरते आणि पालखी दारात आली की घरच्याने दार उघडून तिला सामोरं जायचं असतं. हे सगळं उरकून निघायचं, असा हिशोब होता. पण त्या वर्षी वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाने पालखीच पुढच्या रविवारी ढकलली. मुलांच्या परीक्षा होत्या, आणि आठवड्याच्या मध्ये कोणाला सुट्टी नव्हती. निरोप आला तेव्हा तिकीट निघालेलं होतं आणि ते बदलता येत नव्हतं.

ललिता गावप्रमुखांकडे गेली. महिपती पार्टे तिच्या वडिलांचे चुलत भाऊ. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

"तात्या, पालखीला मी नसणार. आईला सरिताकडे ठेवतेय. चावी काकीकडे देते. काकी दार उघडेल, ओटी भरेल."

तात्या विडी पेटवत म्हणाले, "बघू."

ललिताने बघू म्हणजे हो असं धरलं. आगारात साहेब रजेच्या अर्जावर बघू म्हणाले की बहुधा रजा मिळते. तात्यांची बायको रंगूबाई, हिने चावी घेतली आणि देवाच्या फळीवर ठेवली.

बोटीबद्दल तिने नंतर फार थोडं सांगितलं. खोलीत दोन उशा होत्या, दोन टॉवेल, दोन पाण्याच्या बाटल्या. जेवणाच्या टेबलावर वेटरने समोरची खुर्ची ओढून ठेवली आणि विचारलं की मॅडमसोबतचे येतायत का. एकटीच आहे म्हटल्यावर त्याने समोरचं ताट-चमचे उचलून नेले. त्यानंतर रोज तेच. एका गुजराती बाईने चौकशी केली आणि मग तिला आपल्या कुटुंबात बसायला बोलावलं. तिथे सगळे इतक्या प्रेमाने बोलले की ललिता परत त्या टेबलाकडे गेली नाही. लक्षद्वीपला समुद्र खवळला होता म्हणून कोणालाच उतरवलं नाही. लोकांनी आरडाओरड केली. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती दिवसादेखील झोपली. बोट गाडीसारखीच हलते, पण उठवायला कोणी येत नाही, असं तिने सरिताला सांगितलं. डेकवर त्या गुजराती बाईने तिचा एक फोटो काढून दिला. कठड्याला टेकलेली ललिता, केस उडालेले, हसताना तोंड थोडं उघडं. तो तिने सरिताला पाठवला. सरिताने कौतुकाने नणंदेला दाखवला आणि तिथून तो वाडीच्या ग्रुपवर पोचला.

त्याच रविवारी पालखी ललिताच्या दारात आली होती. रंगूबाई चावी घेऊन पुढे झाली, पण तात्यांनी तिला थांबवलं. दार घरच्यानेच उघडायचं, चावी परक्या हातात असली तर ते बंद घरच. पालखी क्षणभर थांबली आणि पुढे गेली. वाडीत असं कोणाला आठवत नव्हतं.

ललिता परतल्यावर गावकी सहाणेवर बसली. पालखी टेकवायचा हा दगडी चौथरा, वाडीच्या मधोमध. बंद दाराचा दोष तिने मान्य केला. नारळ आणला होता, तो ठेवला. प्रकरण तिथे मिटलं असतं. पण मंडळाचा सेक्रेटरी प्रवीण मुंबईला न परतता मुद्दाम थांबला होता. कांजूरला त्याचं मोबाईलचं दुकान आहे. त्याने फोटो उघडून सगळ्यांपुढे धरला.

"ललिताताई, एक सांग. ह्यो फोटो कोनी काढला?"

"एका बाईने."

"बाईने." प्रवीण हसला. "बरोबर. सेल्फी तर नाय ना ह्यो."

"तू एकटी गेलेलीस?" तात्यांनी विचारलं.

"एकटीच."

"एवढ्या मोठ्या बोटीवर. कशाला?"

ललिता "फिरायला" म्हणाली, आणि म्हणताच कुणीतरी मागून हसलं. शेवरकोंडचा माणूस मुंबईला जातो, देवाला जातो, लग्नाला-मयताला जातो. नुसतं फिरायला, तेही बाईमाणूस एकटं, असं काही असतं याला वाडीत दाखला नव्हता.

तेव्हा ललिताने जी गोष्ट केली ती फक्त कंडक्टरच करू शकते. ती घरी गेली आणि तिकीट घेऊन आली. नोकरीभर तिने एकच पुरावा पाहिला होता. गाडीत कोण कुठून कुठे गेला याचा वाद झाला की तिकीट बघायचं, वाद संपला. तिने तो कागद प्रवीणच्या हातात दिला.

"वाच. कितीजण ते वाच."

प्रवीणने वाचलं. एकदा मनात, मग मोठ्याने. "नाव एकाच मान्साचा हाय." ललिताने तात्यांकडे बघितलं. प्रवीण पुढे वाचत म्हणाला, "पण पैसे दोगांचे भरलेत."

मागचे दोघे-तिघे कागद बघायला पुढे सरकले.

"खोली दोघांची असते," ललिता म्हणाली. "एकटं गेलं तरी दोघांचं भाडं घेतात. तसा नियम आहे तिथे."

"असा कंचा नियम?" तात्या म्हणाले.

"अगो, तू आमाला एका मान्साची दोन तिकिटा कदी फाडलीस काय?" एक म्हातारा ओरडला आणि सगळे हसले. ललिताच्याही लक्षात आलं की दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर तिनेही विश्वास ठेवला नसता. एसटीत रिकाम्या जागेचं भाडं कोणी भरत नाही.

"दुसऱ्याचं नाव सांग आनि मोकळी हो," प्रवीण म्हणाला. "सिंपल हाय. आमी काय फाशी देतो तुला?"

"दुसरा नव्हताच."

"मंग बस तशीच," तात्या म्हणाले आणि उठले.

तात्या दुष्ट माणूस नाहीत. त्यांच्या मते ललिताने गावकीला दोनदा फसवलं होतं, आधी दार बंद ठेवून आणि मग तोंडावर खोटं बोलून. बाईने कोणासोबत जावं हा भाग वेगळा, त्यावर रागवून पुढे विसरता येतं. पण कागद हातात देऊनही नाकारते, याचा त्यांना राग होता.

वाडीने नाव स्वतःच शोधलं. तिच्या गाडीवरचा ड्रायव्हर राजेंद्र. हा महाडचा, संसारी माणूस. त्यानेच तिला सांगितलं होतं की पोलिसांत जा, कायदा आहे, मी येतो सोबत. तिने घरी विषय काढला तेव्हा प्रयागबाई उठून बसल्या होत्या.

"केस करशील? मंग मला कोन उचलंल? पोलीस?"

ललिता गेली नाही. पुढे अफवा राजेंद्रच्या घरी पोचली. त्याने एक दिवस डिझेल भरताना, तिच्याकडे न बघता सांगितलं, "मी ड्युटी बदलून घेतो, पार्टे. बायको जेवत नाय दोन दिवस." दुसऱ्या दिवसापासून गाडीवर नवीन ड्रायव्हर होता. चांगला चालवायचा. बोलायचा नाही.

आषाढात प्रयागबाईंना ओटीवर येणं जमेना. पूर्वी दुपारच्या तिथे चारदोन बायका तांदूळ निवडत बसत. आता समोरून जाणाऱ्या बायका डोकीवरचं इरलं तिरकं करून जात. प्रयागबाई आतूनच एकेकीला पावलावरून ओळखत आणि नाव घेत. कोणी थांबत नसे.

"रंगू गेली," त्या म्हणत. मग थोड्या वेळाने, "परत आली."

एक दिवस त्यांनी विचारलं, "आपल्या पडवीत लाकडा किती हायत गो?" ललिताने सांगितलं, पुरेशी आहेत. "पुरतील," त्या म्हणाल्या. "पन आपलीच आपल्याला जाळायची म्हंजे..." आणि वाक्य सोडून दिलं.

भातलावणीसाठी मुंबईची माणसं आली होती त्या रविवारी ललिता न बोलावता सहाणेवर गेली. पाऊस होता म्हणून सगळे बाजूच्या पत्र्याखाली बसले होते. ती बाहेरच छत्री धरून उभी राहिली.

"तात्या, होता एक जण," ती म्हणाली.

कोणीतरी मोबाईल खिशात ठेवला.

"आं?"

"सोबत होता. माझं चुकलं. तेव्हा बोलले नाही."

"राजेंद्रच ना?" प्रवीण म्हणाला.

"नाही. त्याचा काही संबंध नाही. मंगेश सावंत म्हणून आहेत. पनवेलला असतात. एसटीतच आहेत."

"आपल्यातला?" तात्यांनी विचारलं.

"हो."

"बायको?"

"वारली. मुलं मोठी आहेत."

ही उत्तरं तिने ठरवून आणली नव्हती. विचारत गेले तशी तिने एकेक दिली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर पत्र्याखालची माणसं सैल होत गेली. तात्यांच्या चेहऱ्यावर तर सुटका दिसत होती. "मंग तवाच बोलायचा ना गो, येडे," ते म्हणाले. "विधुर मानूस, आपल्यातला. आमी काय नको बोललो असतो?" प्रवीणने सगळ्यांकडे बघून मान हलवली. "बोललेलो ना, दुसरा हाय म्हनून. कागद खोटा नसतो."

तिने माफी मागितली. नारळ फुटला. एका म्हाताऱ्याने तिला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि ओल्या छत्रीखालून आत ये म्हणाला.

घरी जाऊन आईला खरं काय ते सांगायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं. कारण सगळ्या वाडीत तिच्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं. बोटीवरून आल्यावर प्रयागबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं की सोबत कोण होतं. विचारलं होतं ते, एकटीच्याने जेवण गेलं काय?

पण ती पोचेपर्यंत रंगूबाई येऊन गेली होती. चुलीजवळ दुधाचा तांब्या होता. प्रयागबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. खूप दिवसांनी त्यांनी केस विंचरून घेतले होते, रंगूबाईकडूनच.

"मंगेश काय नाव?" त्यांनी विचारलं.

ललिता दारात चपला काढत होती. "हो," म्हणाली.

"कसा हाय? शांत हाय?"

"आई, ऐक..."

"मला वाटलेला तू खरंच एकटी गेलीस." प्रयागबाईंना दम लागत होता, त्या थांबून थांबून बोलत होत्या. "तू सांगितलास, मी खरा धरला. मंग माझ्या डोळ्यापुढं तेच. एवढा पानी, आनि माझी पोर एकटी उभी. तो फोटो सरितानं दाखवला ना, तवापासून. मी बोलले नाय तुला. बरा झाला. कोनतरी होता."

ललिता त्यांच्याजवळ बसली.

"तब्येतीनं बरा हाय ना?"

"बरा आहे."

"खातो काय, माशे?"

"खातात."

त्यानंतर रोज एखादा प्रश्न असे. त्याची आई आहे का. भात लागतो की भाकरी. आवाज चढवून बोलतो का. ललिता उत्तरं देत गेली. आधीचं उत्तर विसरू नये म्हणून ड्युटीवर असताना ती मनात उजळणी करी. प्रयागबाईंनी एकदाच म्हटलं की बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं. ललिताने सांगितलं, पनवेलला गाड्यांची फार ओढाताण आहे. गणपतीत येतील. गणपतीपर्यंत आई राहणार नाही हे दोघींना माहीत होतं.

श्रावणात, दुपारच्या वेळी, प्रयागबाई गेल्या. सरिता महाडहून पोचायच्या आधी दारात लाकडं जमली होती. आंब्याची, ऐनाची, काही भिजलेली, एकाने तर पडवीचा जुना वासा आणून टाकला होता. मुंबईहून प्रवीण स्वतः गाडी करून आला आणि त्याने खांदा दिला. ओढ्याला पाणी होतं, वाट निसरडी होती. पुरुषांनी पाळीपाळीने, एकदाही खाली न टेकवता, त्यांना काठावर नेलं. तात्यांच्या मुलाने अग्नी दिला. प्रयागबाईंना जसं हवं होतं तसंच झालं. ललिता घराच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तिथून पुढे बाया जात नाहीत.

बाराव्याला अख्खी वाडी जेवायला होती. ललिता वाढत होती. बायकांच्या पंगतीत रंगूबाईने तिचा हात धरून तिला वाकवलं आणि हळू आवाजात, पण शेजारणींना ऐकू जाईल इतपत, विचारलं,

"आज तरी बोलवायचा होतास गो त्याला. सासूचा तोंड नाय बघितला, निदान बाराव्याला."

दोनतीन बायका भात कालवायच्या थांबल्या. सरिताने बहिणीकडे बघितलं. तिला खरं माहीत होतं, बुकिंगच्या दुकानात तिचीच मुलगी बसली होती.

"रजा नाही मिळाली त्यांना," ललिता म्हणाली.

"एसटीचा असाच," रंगूबाई म्हणाली. "आमटी घाल थोडी."

ललिताने आमटी घातली आणि पुढच्या पानाकडे गेली.